शाई उगाळा, मान वर करू नका

चला, निघू या. केशोरीच्या बाजारातून फार सामान घेऊ नका. जायचं आहे तिथं दारोदार पिशव्या उघडून बघणारे लोक बसलेत. वाळलेल्या लाल मिरच्या मात्र मूठभर खिशात टाका. केशोरीची ओळखच ती, आणि आपल्याला जे गलबत गाठायचं आहे ना, तसल्याच पोर्तुगीज गलबतांनी मिरचीला समुद्रापलीकडून आपल्या किनाऱ्यावर आणलं. गावाबाहेर पडताना धानाच्या तणसाचे ढीग दिसतील. एक काडी ओढून घ्या, बोटांत चुरगाळा आणि नाकाशी धरा. हा वास ध्यानात ठेवा, पुढे तो ओळखायचा आहे.

आता पाय घट्ट रोवा, कारण पायांखालची जमीन हलायला लागली आहे. ती जमीन नाहीच, फळ्या आहेत. डांबर, कुबट पाणी, न धुतलेली माणसं आणि अळ्या पडलेली बिस्किटं, सगळं एकदम अंगावर येतंय. उलटी आली तर कठड्याबाहेर वाका, लाजू नका; इथं पाच महिने सगळे तेच करत आलेत. लिस्बनहून एप्रिलमध्ये सुटलेलं हे गलबत आज मांडवीत शिरतंय. साल १७१४, महिना सप्टेंबर. पाऊस ओसरत आलाय, पण हवेत अजून एवढी ओल आहे की सदरा पाठीला चिकटून बसतो. दोन्ही काठांना माड, मधूनमधून तांबड्या चिऱ्याच्या भिंती. आणि घंटा. एका चर्चची थांबली की दुसऱ्याची, ती विरते न विरते तोच तिसऱ्याची.

कठड्याला टेकून उभा असलेला तो काळ्या झग्यातला सव्वीस वर्षांचा तरुण बघा. जुजेप्पे कास्तिल्योने, मूळचा मिलानचा. जेझुइट संघातला आहे, पण पाद्री नाही, साधा ब्रदर. आयुष्यभर ब्रदरच राहणार आहे. जेनोवाच्या चर्चमधली त्याची चित्रं पाहिलेले लोक त्याचं नाव आदरानं घेतात. चीनच्या बादशहाला युरोपातला चित्रकार हवा आहे, म्हणून संघानं याला धाडलंय. परतीचं तिकीट नाही. हे त्यालाही ठाऊक आहे.

धक्क्यावर उतरा. जुन्या गोव्याची रया साथीच्या तापांनी उतरणीला लागली आहे, मोठमोठ्या घरांच्या भिंतींवर शेवाळ चढलंय, तरी बाजारात पाय ठेवायला जागा नाही. खोबरेल तेल, सुकी मासळी, ओला चिरा, चर्चमधून झिरपणारा धूप. हमाल ओरडतायत आणि तुमच्या कानांना एकदम बरं वाटतं, कारण ते काय ओरडतायत ते तुम्हाला कळतंय! कोकणीचा हेल वेगळा, पण ‘सरा, सरा, वाट सोडा’ हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. आपल्या या अख्ख्या प्रवासात तुमची भाषा चालेल असं हे एकच बंदर. तेव्हा पोटभर बोलून घ्या. कास्तिल्योनेला मात्र यातलं अक्षर कळत नाही. तो बघतो. कावड घेऊन जाणाऱ्याच्या खांद्यावर ताण कुठे पडतो, बैल मान कशी फिरवतो, हे तो जागचा न हलता बघत राहतो. अशी नजर असलेल्या माणसाच्या शेजारी उभं राहिलं की आपल्यालाही जरा जास्त दिसायला लागतं.

पुढचा समुद्र मी तुम्हाला चुकवतो. मकावला पोचायला १७१५चा जुलै उजाडतो आणि पेकिंगला पोचेपर्यंत वर्ष संपत आलेलं असतं.

थंडी! गोंदियाच्या पौषातली थंडी तुम्ही सोसली असेल, पण ही वेगळी. ही नाकातून आत शिरते आणि दातांत जाऊन बसते. तुमच्या अंगावर आता कापूस भरलेला जाड अंगरखा आहे, कपाळ तासून साफ केलंय आणि मागे वेणी लोंबतेय. वेणीला हात लावू नका, सगळ्यांचीच आहे. समोरून उंटांची रांग येतेय, पश्चिमेच्या डोंगरातला दगडी कोळसा लादलेली. उंटांच्या गळ्यातल्या घंटांचा आवाज धुळीतून आधी येतो, उंट मागून दिसतात. शहरभर कोळशाचा धूर, त्यात लसणीचा वास, मेंढीच्या चरबीचा वास आणि कुठंतरी भाजत असलेल्या चेस्टनटचा गोडसर वास. पोरं तुमच्यामागे धावतायत, कारण तुमच्या बरोबरच्या माणसाचं नाक त्यांनी असलं कधी पाहिलेलं नाही.

या माणसाचं नाव आता लांग शिनिंग आहे. चीनमध्ये तो याच नावानं जगणार आणि याच नावानं सही करणार.

राजवाड्यात शिरताना माझ्या मागोमाग या. दरवाजा, पहारेकरी, पुन्हा दरवाजा, खोजे, पुन्हा दरवाजा. प्रत्येक ठिकाणी थांबायचं, नाव सांगायचं, उभं राहायचं. कांगशी बादशहाला सध्या मीनाकामाचं वेड लागलंय. युरोपी मीनाकारी आपल्या कारखान्यात व्हावी असा त्याचा हट्ट आहे आणि त्यासाठी त्यानं दोन चित्रकारांना जुंपलंय: आपला लांग शिनिंग आणि मात्तेओ रिपा नावाचा नेपल्सकडचा पाद्री. भट्टीजवळ उभं राहून बघा. समोरून अंग भाजतं, पाठ गारठून जाते. कारागिरांची ही गर्दी, धातूचा तिखट धूर, दिवसभर शिव्या आणि आरडाओरडा. दोघांनी आधी हात जोडून सांगितलं की ही कला आम्ही शिकलेलो नाही. कुणी ऐकलं नाही. मग त्यांनी एक युक्ती केली: मुद्दाम इतकं वाईट रंगवलं की बादशहा ते बघून म्हणाला, पुरे. रिपानं आपल्या आठवणींत हे सगळं लिहून ठेवलंय. गलबताच्या वल्ह्याला बांधलेल्या गुलामाच्या जिण्यातून सुटलो, असं त्याला वाटलं. मला या प्रसंगात सगळ्यात आवडतं ते हे, की ज्याच्या हाताला चूक करणं ठाऊक नव्हतं त्याला ती ठरवून करावी लागली.

पण आपण आलोय ते शाईसाठी आणि कागदासाठी. या इकडे, या बैठ्या खोलीत. दाराला कागद लावलेला आहे, त्यातून दुधी उजेड येतोय. तुम्हाला इथं काम मिळालंय. खाली बसा. समोर दगडी सहाण आहे, तिच्या एका टोकाला पाण्यासाठी खोलगट जागा. ही काळी कांडी हातात घ्या. हिला शाई म्हणतात, पण ती ओली नाही, दगडासारखी कडक आहे. पाइनचं लाकूड जाळून धरलेली काजळी, जनावराच्या कातड्याचा सरस, थोडी कस्तुरी, थोडा कापूर. सगळं एकत्र कुटून साच्यात दाबलं आणि महिनोन्‌महिने सावलीत वाळवलं की ही तयार होते. सहाणेवर पाण्याचे चार थेंब टाका. कांडी सरळ उभी धरा आणि गोल गोल फिरवा. जोर लावू नका. घाई केली की कण जाड राहतात, आणि ते कण कागदावर गेले की त्याचा जाब तुम्हालाच द्यावा लागेल.

ऐकू येतंय? अगदी बारीक खरखर, मग तीही नाहीशी होते. पाणी काळं होतं, मग दाट होतं, मग त्याच्यावर तेलकट चमक येते. कापूर आणि कस्तुरीचा वास वर येतो, त्याच्या खालून सरसाचा किंचित घाणेरडा वास. मनगट दुखायला लागलं की हात बदलू नका, लय बिघडते. मान वर करू नका. शेजारी बसलेले चिनी चित्रकार लहानपणापासून हे करतायत आणि तुम्ही कांडी तिरकी धरलीत हे त्यांना न बघता कळतं.

आता कागद. कोपरा दोन बोटांत धरा. मऊ आहे, पण लेचापेचा नाही. नाकाशी न्या. आलं काही ध्यानात? आन्हुई प्रांतातल्या डोंगराळ भागात हा कागद बनतो, चिंगतान नावाच्या झाडाची साल आणि धानाची तणस यांच्यापासून. तीच, जी तुम्ही केशोरीबाहेर चुरगाळलीत. ती चुन्यात भिजवतात, उकळतात, डोंगरउतारावर पसरून ठेवतात; महिनोन्‌महिने ऊन-पाऊस खाऊन ती पांढरी होते. मग कुटतात, लगदा पाण्यात सोडतात, दोघंजण बांबूच्या चटईनं तो उचलतात आणि त्या चटईवर कागदाचा पदर राहतो. आपल्याकडे जी तणस गुरांपुढे पडते, तिच्यावर इथं बादशहांची चित्रं उतरतात. मला हे समजलं तेव्हापासून धानाच्या बांधीच्या कडेनं जाताना मी थोडा थांबतो.

या कागदाचा स्वभाव समजून घ्या. कोऱ्या कागदावर ओला कुंचला टेकवला रे टेकवला की शाई, बांधीत पाणी सोडल्यावर ते जसं वाट मिळेल तिकडे धावतं, तशी चहूकडे पसरते. तिला थांबवायची असेल तर कागदाला आधी तुरटी आणि सरसाचं पाणी द्यावं लागतं. रेशमालाही तसंच. पण पसरो वा न पसरो, एक गोष्ट दोन्हीकडे सारखी: पडलेली रेघ पुसता येत नाही. इटलीत लांग शिनिंग तैलरंगात काम करायचा. तिथं चुकलं तर खरवडा, वरून दुसरा थर द्या, आठ दिवसांनी पुन्हा या. कोळशाची रेघ पावाच्या तुकड्यानं पुसा. इथं पाव नाही, आठ दिवस नाहीत, दुसरा थर नाही. कुंचला उभा धरायचा, मनगट अधांतरी, आणि रेघ काढायच्या आधीच ती डोक्यात पूर्ण झालेली हवी. तिशीच्या उंबरठ्यावरचा, नावाजलेला चित्रकार पोरासोरांच्या शेजारी बसून बांबूचं पान काढायला शिकतोय. लोक त्याच्याबद्दल बोलताना त्यानं चीनला काय दिलं ते सांगतात. छाया, खोली, दूरचं लहान दाखवण्याचं गणित. ते खरंच आहे. पण त्यानं काय सोडलं ते मला जास्त मोठं वाटतं. चूक सुधारण्याची मुभा त्यानं सोडली, आणि तीही ज्या हातांना तिची सवय लागून गेली होती त्या हातांनी.

उठा आता, एक टोक धरायचं आहे. सांभाळून! ही गुंडाळी जवळजवळ आठ मीटर लांब आहे. दरबाराचा नियम असा की आधी कागदावर कच्चं चित्र काढायचं, ते बादशहाला दाखवायचं, त्यानं मान हलवली तरच रंगाला हात लावायचा. हे ते कच्चं चित्र, शंभर घोड्यांचं. आता गादीवर योंगचंग बादशहा आहे. चालत चला माझ्याबरोबर, कागद उलगडत जाऊ. पाइनची खवलेदार खोडं. तंबूपाशी बसलेले गुराखी. एक घोडा पाठीवर लोळतोय, चारही पाय आभाळाकडे. एक इतका वाळलेला की बरगड्या मोजाव्यात. पुढे नदी, आणि पाण्यात उतरलेले घोडे, माना वर काढून पोहणारे. नुसती शाई आहे, रंगाचा थेंब नाही, तरी तुमच्या नाकात घोड्याच्या घामाचा वास आलाच की नाही? घोड्याच्या नाकपुडीजवळ वाका. रेघ एका जागी थोडी जाड होते आणि लगेच बारीक होते. तिथं त्यानं श्वास रोखला होता. शेजारच्या पाइनच्या डहाळीवर मात्र हात अजून युरोपी आहे, बारीक आडव्या-तिडव्या रेघांनी त्यानं काळोख भरलाय. दोन हात एकाच माणसाचे, एकाच कागदावर.

हे पुढे रेशमावर रंगात उतरलं आणि १७२८ मध्ये पुरं झालं. ते रेशीम आज तैपेच्या राजवाडा संग्रहालयात आहे आणि हा कागद न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात. दोन्हींत निवड करायची वेळ आली तर मी कागदापुढे उभा राहीन.

बसा, वर्षं भराभर जाऊ देत. गादीवर आता छ्येनलोंग आलाय, तरुण आहे, उत्साही आहे, आणि त्याला चित्रशाळेत यायला फार आवडतं. बाहेर खोज्यांची पळापळ ऐकू आली की समजायचं. कुंचला खाली, गुडघे जमिनीला, कपाळ जमिनीला. फरशी उन्हाळ्यातही गार लागते. तो मागे उभा राहून बघतो, काहीतरी बदलायला सांगतो. चेहऱ्यावर सावली नको. नाकाच्या बाजूला काळं का? ते डागासारखं दिसतं. मग लांग शिनिंग चेहऱ्यावर सगळा उजेड समोरून घेतो. सावली जवळजवळ पुसून टाकतो, तरी गालाची गोलाई राहते. ही किमया कशी साधते ते बघायला तुम्ही हळूच मान वर करता आणि शेजारचा चित्रकार तुमच्या पोटरीला चिमटा काढतो.

एक गोष्ट इथं सगळे सांगतात. बादशहानं एकदा त्याला विचारलं म्हणे, काल माझ्या राण्या इथं आल्या होत्या, त्यांतली सगळ्यात देखणी कोण? लांग शिनिंग म्हणाला, मी त्यांच्याकडे पाहिलं नाही, मी भिंतीवरच्या फरशा मोजत होतो. किती होत्या? तीस. खोज्यांना मोजायला धाडलं, तर बरोबर तीस! घडली असेल-नसेल, पण इतकं अचूक बघणारा माणूस कुठं बघायचं नाही हेही जाणून होता, हे मला पटतं.

उन्हाळा आला. घाम कागदावर पडू नये म्हणून कपाळाला फडकं बांधा. सरस आंबतो, माश्या घोंगावतात, शाई सहाणेवरच सुकते आणि तुम्हाला पुन्हा उगाळावी लागते. हिवाळ्यात उलटं: वाटीतलं पाणी गोठतं, म्हणून शेजारी कोळशाची लहान शेगडी, रंगाच्या वाट्या तिच्यावर. पहाटे यायचं, अंधार पडताना जायचं. नवीन आलेला फ्रेंच ब्रदर जाँ-देनी आतिरे याच खोलीत बसतो. तोही तैलरंगाचा उत्तम चित्रकार, त्यालाही पाण्याच्या रंगाकडे आणि रेशमाकडे वळावं लागलंय. त्यानं घरी लिहिलेल्या पत्रांत तक्रारीचा सूर आहे: दिवसभर साखळीला बांधल्यासारखं वाटतं, मनासारखं चित्र काढायलाच मिळत नाही. त्याचंही खरं आहे. त्याच्या पाठीवरून हात फिरवा आणि परत आपल्या सहाणेकडे या.

आज खोलीत वेगळाच वास आहे, लोण्याच्या दिव्यांचा आणि जुनिपरच्या धुपाचा. लामा आलेत. तिबेटी पद्धतीचा थांका चाललाय: कापडावर मधोमध मंजुश्री बोधिसत्त्वाच्या रूपात बसलेला छ्येनलोंग, भोवती देवता आणि गुरूंची दाटी. सगळं अंग, कमळ, ढग लामा चित्रकारांच्या पद्धतीचं. मधला चेहरा मात्र लांग शिनिंगच्या हातचा. केशोरीहून गोठणगावच्या तिबेटी वसाहतीत तुम्ही कधी ना कधी गेला असाल. १९७२ पासून ती माणसं आपली शेजारी आहेत. तिथल्या गोम्पात भिंतीवर टांगलेले थांके आठवा, तीच मोजमापं, तीच मांडी, तीच कमळं. म्हणजे या खोलीतली तुमच्या सगळ्यात ओळखीची गोष्ट ही आहे. मिलानहून आलेला माणूस त्या मोजमापांत एक जिवंत, थोडा दमलेला चेहरा बसवतोय आणि शेजारचे लामा मान डोलावतायत.

१७५५. आज कागदच आहे, रेशीम नाही. लांग शिनिंग सदुसष्ट वर्षांचा झालाय. पश्चिमेच्या मोहिमेवरून परतलेला आयुशी नावाचा घोडेस्वार समोर उभा केलाय, बादशहाचा हुकूम आहे की याला रंगव. खोलीत चामड्याचा आणि घोड्याच्या जिनाचा वास भरलाय. आयुशीला एका जागी उभं राहायची सवय नाही, तो सारखा पाय बदलतो. म्हातारा त्याच्याकडे बराच वेळ बघतो. मग कागदाकडे. लहान आहे कागद, आडवा, मीटरभराचा. यावर डोंगर येणार, झाडं येणार, असं तुम्हाला वाटतं. काही येत नाही. जमिनीची रेघसुद्धा नाही, आभाळ नाही, सावली नाही. मधोमध भरधाव घोडा, त्याच्यावर पुढे झुकलेला आयुशी, हातात लांब भाला. बाकी सगळा कोरा कागद. तरुणपणी जेनोवाच्या चर्चसाठी काढलेल्या चित्रांत हा माणूस इंचभर जागा मोकळी सोडत नव्हता.

भाल्याची रेघ निघते तेव्हा खोलीतले सगळे हात थांबतात. एका दमात, टोकापासून टोकापर्यंत. मग घोड्याची आयाळ, एकेक केस. तुमच्या सहाणेतली शाई संपत आलीय आणि त्याला ते तुमच्या आधी कळलंय. तो न बघता वाटी पुढे करतो.

दारात खोजा उभा आहे, त्याच्या हातात कागद आहे, आणखी घोडेस्वार रंगवायचे आहेत, आणखी घोडे, उन्हाळी बागेतल्या महालाच्या भिंती, बादशहाचा नवा कुत्रा. तो घाईनं यादी वाचत सुटलाय आणि आयुशी अजून पाय बदलतोच आहे. १७६६च्या जुलैत हा म्हातारा मरेपर्यंत असंच चालणार आहे, सुटीचा दिवस फारसा नाही. पाणी घ्या, चार थेंबच. कांडी सरळ धरा. आणि मनगट सैल सोडा, अजून बरंच उगाळायचं आहे.